जेतेपदाच्या रात्री खासगी प्रशिक्षकाने अभिमान नेमका कशाचा बाळगावा?

धागाकर्ता : कण्हेर

अमेरिकन फुटबॉलवर येथे फारसे कोणी लिहीत नाही, आणि लिहिलेच तर "हा कसला फुटबॉल, यात चेंडूला पाय तर लागतच नाही" या पहिल्याच प्रतिसादाला धागा भरकटतो, याची मला पूर्ण कल्पना आहे. गंमत अशी की मला आज पायांविषयीच लिहायचे आहे.

आम्ही अटलांटाच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहतो. माझा मुलगा चार वर्षे एका खासगी प्रशिक्षकाकडे क्वार्टरबॅकचे, म्हणजे चेंडू हाती घेऊन संघाचा डाव चालवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या खेळाडूचे, शिक्षण घेत होता. गेल्या आठवड्यात तापामुळे तो घरी होता, तेव्हा आम्ही दोघांनी ७ जानेवारी २०१९ रोजी कॅलिफोर्नियातील सँटा क्लारा येथे झालेला महाविद्यालयीन राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना पुन्हा एकदा सलग पाहिला. क्लेमसन विद्यापीठाने अलाबामा विद्यापीठाचा ४४-१६ असा धुव्वा उडवला होता. निक सेबन यांनी २००७ साली अलाबामाची सूत्रे हाती घेतल्यापासून त्या संघाचा इतका मोठा पराभव तोवर झालेला नव्हता. क्लेमसनचा क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स एकोणीस वर्षांचा होता आणि महाविद्यालयात त्याचे ते पहिलेच वर्ष होते. मोसमाच्या सुरुवातीला तर तो पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅकही नव्हता. त्या रात्री त्याने ३२ पैकी २० पास पूर्ण केले, ३४७ यार्ड मिळवले, तीन टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात नेऊन मिळवलेले गुण) पास दिले आणि एकही चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाऊ दिला नाही. पहिल्या वर्षाच्या क्वार्टरबॅकने सामन्याची सुरुवात करून विजेतेपद मिळवून देणे, हे त्याआधी १९८५ च्या मोसमात ओक्लाहोमाच्या जमेल हॉलिवेने केले होते.

सामना संपल्यावर पडद्यावर मुख्य प्रशिक्षक डॅबो स्विनी दिसतात, आईवडील दिसतात, रंगीत कागदांच्या पावसात नाचणारी मुले दिसतात. दिसत नाहीत ते रॉन व्हील. व्हील १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲरिझोना विद्यापीठाचे क्वार्टरबॅक होते आणि पुढे अटलांटा परिसरात मुलांना खासगीरीत्या शिकवू लागले. कार्टर्सविल गावचा लॉरेन्स हायस्कूलमध्ये जाण्याआधीपासून त्यांच्याकडे शिकत होता. त्यांच्याविषयी तेव्हा वर्तमानपत्रांतून लिहून आले होते. पण त्यांना क्लेमसनचे जाकीट नव्हते, सीमारेषेवर उभे राहण्याचा परवाना नव्हता आणि विजेत्यांना मिळणारी अंगठीही नव्हती.

माझ्या मुलाचे प्रशिक्षक म्हणजे व्हील नव्हेत, हे आधीच सांगतो, नाहीतर लोक पत्ता विचारतील. मात्र या व्यवसायातील माणूस काम कसे करतो, ते मी चार वर्षे कुंपणाबाहेर घडीच्या खुर्चीवर बसून पाहिले आहे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या मुलाच्या हातात चाळीस मिनिटे चेंडूच दिला नाही. मागे सरकण्याची पाच पावले तेवढी घोटून घेतली : तीन लांब, दोन आखूड. मग ते मुलाकडे पाठ करून उभे राहिले आणि नुसत्या बुटांच्या आवाजावरून सांगू लागले, "चौथे लांब पडले. पुन्हा." त्यानंतर कित्येक महिने आमच्या स्वयंपाकघरात भांडी लावतानासुद्धा लांब-लांब-लांब-आखूड-आखूड असा ठेका ऐकू येत असे आणि माझी पत्नी वैतागत असे.

त्या मंगळवारी, म्हणजे सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, आमचे प्रशिक्षक एखाद्या लग्नघरातून आल्यासारखे खूष होते. लॉरेन्सला त्यांनी एक दिवसही शिकवलेले नव्हते. आपल्या व्यवसायातील एका माणसाचा विद्यार्थी जिंकला, एवढाच तो आनंद होता. मग खुद्द व्हील यांना काय वाटले असेल? आणि जे वाटले असेल त्यावर त्यांचा हक्क किती? क्वार्टरबॅकच्या त्या रात्रीच्या खेळातील कोणता भाग खासगी प्रशिक्षकाने आपला म्हणावा आणि कोणत्या भागाला हात लावू नये, यावर आपली मते वाचायला आवडतील.

आळशी वाचक

पहिला प्रतिसाद पायांवरचा विनोद न करता देत आहे, याची नोंद घ्यावी. एक प्राथमिक शंका आहे. शाळेत प्रशिक्षक असतो, महाविद्यालयात तर प्रशिक्षकांचा ताफाच असतो. मग हा तिसरा माणूस कशासाठी? आपल्याकडील शिकवण्यांसारखाच हा प्रकार आहे काय?

कण्हेर

शिकवणीशी साम्य आहे, पण पुरते नाही. शाळेच्या प्रशिक्षकाच्या पदरी साठ-सत्तर मुले असतात आणि त्याला दर शुक्रवारी सामना जिंकायचा असतो. तो क्वार्टरबॅकला डाव शिकवतो : कोणत्या इशाऱ्यावर कोणी कुठे धावायचे, समोरचा बचाव कसा ओळखायचा. मुलाचा खांदा उशिरा वळतो की कोपर खाली पडते, हे त्याला दिसत असले तरी ते मोडून पुन्हा बसवायला जे शेकडो कंटाळवाणे तास लागतात, ते त्याच्यापाशी नसतात. महाविद्यालयात मोसम चालू असताना खेळाडूकडून आठवड्याला वीस तासांहून अधिक सराव करून घेता येत नाही, असा नियमच आहे आणि त्यातला बराचसा वेळ पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या तयारीत जातो.

उरलेली जागा खासगी प्रशिक्षकाची. फेक मुळात पायातून निघते, कमरेतून वर चढते आणि हात सर्वांत शेवटी येतो, हे त्याचे सगळे शास्त्र. या क्षेत्रातील एक मोठे नाव टॉम हाउस हे तर मूळचे बेसबॉलचे गोलंदाज. (हँक ॲरनने ८ एप्रिल १९७४ रोजी विक्रमी ७१५वा होमरन मारला, तेव्हा तो चेंडू राखीव गोलंदाजांच्या आवारात झेलणारे ते हेच.) फेकणाऱ्या शरीराचा अभ्यास करता करता ते ड्रू ब्रीस आणि टॉम ब्रेडी यांच्यासारख्या क्वार्टरबॅकांपर्यंत पोहोचले. त्यांनी त्यांना डाव शिकवले नाहीत, फेक शिकवली.

खडूची धूळ

मी सांगली जिल्ह्यात बावीस वर्षे शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसणे मला शक्य नाही. आपल्या खेळातील बारकावे मला कळत नाहीत, पण श्रेयाचे राजकारण चांगले कळते.

माझी एक विद्यार्थिनी आठशे मीटर धावत असे. पाचवीपासून दहावीपर्यंत पहाटे साडेपाचला मी तिला डांबरी रस्त्यावर, दुचाकीच्या दिव्याच्या उजेडात पळवले, कारण आमच्याकडे मैदान म्हणजे पावसाळ्यात तळे. अकरावीत ती शहरातल्या एका खासगी अकादमीत गेली आणि तीनच महिन्यांत राज्य स्पर्धेत पदक जिंकून आली. सत्काराच्या फलकावर तिचा फोटो, अकादमीच्या संचालकांचा त्याहून मोठा फोटो, आणि खाली अकादमीचा दूरध्वनी क्रमांक. मी समोर तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मुलीने भाषणात माझे नाव घेतले, ही तिची भलाई.

तेव्हा खासगी प्रशिक्षकाचा अभिमान हा विषय निघाला की मला आधी तो फलक दिसतो. अभिमान मनात असतो तोवर कोणाची हरकत नाही. तो पुढच्या तुकडीच्या प्रवेशांची जाहिरात होतो, तेव्हा मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचे त्यात घेतलेले असते. कार्टर्सविलच्या शाळेत या मुलाला कोणी शिकवले असेलच ना? त्यांचे नाव आपल्या लेखात नाही.

योगायोगाने आणखी एक आठवण झाली. आपण लिहिलेल्या सामन्याच्या पाचच दिवस आधी, २ जानेवारी २०१९ रोजी, आचरेकर सर गेले. सचिनने १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवरील निरोपाच्या भाषणात सांगितले होते की, गेल्या २९ वर्षांत सर एकदाही आपल्याला 'छान खेळलास' म्हणाले नाहीत, कारण त्यामुळे आपण गाफील होऊ असे त्यांना वाटे. अभिमान त्यांना नव्हता असे कोण म्हणेल?

कण्हेर

सर, ठपका मान्य. कार्टर्सविल हायस्कूलचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक जोई किंग. त्यांच्या हाताखाली लॉरेन्सने २०१५ आणि २०१६ अशी सलग दोन राज्य विजेतेपदे मिळवली, त्या शाळेने ओळीने ४१ सामने जिंकले आणि पासचे यार्ड व टचडाऊन या दोन्हींतील जॉर्जिया राज्याचे विक्रम लॉरेन्सच्या नावावर झाले. ते विक्रम आधी देशॉन वॉटसनचे होते, जो पुढे क्लेमसनलाच विजेतेपद मिळवून देणारा क्वार्टरबॅक ठरला. किंग यांचे नाव मी गाळले, हे आपल्या फलकासारखेच झाले.

मात्र एक फरक नोंदवतो. आपल्या विद्यार्थिनीची अकादमी शेवटच्या तीन महिन्यांत आली. येथे उलटे आहे. खासगी प्रशिक्षक आधीपासून असतो आणि विजेतेपद मिळते तेव्हा तो मैदानापासून सर्वांत लांब गेलेला असतो. हिशेब करायचा तर तुमची जागा त्याच्या शेजारी, तिसऱ्या रांगेत आहे.

बे एरियाकर

मी त्या सामन्याला प्रत्यक्ष हजर होतो. दोन्ही विद्यापीठे देशाच्या दुसऱ्या टोकाची, त्यामुळे तिकिटांचे भाव शेवटच्या दिवसांत बरेच उतरले होते आणि आम्ही कार्यालयातले चौघे मराठी, ज्यांना एरवी या खेळाचे फारसे सोयरसुतक नाही, संध्याकाळी सहज जाऊन बसलो.

आता थोडे थंड पाणी ओततो. क्लेमसनचे पहिले गुण लॉरेन्सचे नव्हतेच. अलाबामाच्या ट्युआ टॅगोवायलोआने फेकलेला चेंडू ए. जे. टेरेलने मध्येच पकडला आणि ४४ यार्ड धावत जाऊन टचडाऊन केला. मध्यंतरापर्यंतच्या ३१ गुणांत ट्रॅव्हिस एटिएनचे तीन टचडाऊन होते, त्यांपैकी दोन धावून. तिसऱ्या सत्रात ज्या ७४ यार्डांच्या टचडाऊनने सामना संपल्यात जमा झाला, त्यात जस्टिन रॉसला राखणारा खेळाडू दुखापत होऊन खाली पडला होता. रॉस मोकळा सापडला आणि पुढचे अंतर त्याने स्वतःच्या पायांवर कापले. नंतर त्याच रॉसने एका हाताने जे झेल घेतले, ते पाहून आमच्या पुढच्या रांगेतले अलाबामाचे आजोबा टोपी काढून बसले. अलाबामाला उत्तरार्धात एकही गुण मिळाला नाही, ते श्रेय बचावफळीचे. आकडे लॉरेन्सच्या नावावर लागतात, कारण पास त्याचा असतो. ३४७ यार्डांतून एवढे सगळे वजा केल्यावर खासगी प्रशिक्षकाच्या हाती नेमके किती यार्ड राहतात?

कण्हेर

हाच प्रश्न मला हवा होता, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या ७४ यार्डांवर व्हील यांचा काहीही हक्क नाही. बचाव करणारा पडला हे नशीब, आणि रॉस धावला हे रॉसचे. एका हाताने घेतलेल्या झेलांच्या बाबतीत तर कडक प्रशिक्षक म्हणेल की पास थोडा चुकलाच होता. टचडाऊनची संख्या हे माप येथे उपयोगाचे नाही.

या खेळात दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. तिसऱ्या संधीला बरेच अंतर बाकी असेल तर पास येणार हे सगळ्या मैदानाला ठाऊक असते. बचाव करणारे बिनधास्त अंगावर येतात आणि क्वार्टरबॅकला फसवाफसवीला वाव राहत नाही. त्या रात्री क्लेमसनला तिसरी संधी १५ वेळा खेळावी लागली आणि १० वेळा त्यांना हवे ते अंतर साधले. पहिल्या सत्रात ७-७ अशी बरोबरी असताना तिसऱ्या संधीला १४ यार्ड हवे होते, तेव्हा लॉरेन्सने टी हिगिन्सला ६२ यार्डांचा पास दिला आणि पुढच्याच डावात एटिएन १७ यार्ड धावून गेला. हा डाव कोणी निवडला? क्लेमसनच्या प्रशिक्षकांनी. चेंडू कोणी पकडला? हिगिन्सने. पाच धिप्पाड सहकाऱ्यांनी समोर भिंत उभी केली नसती तर फेकायला वेळही मिळाला नसता. त्या सगळ्यांचे देणे दिल्यावर उरते ते एवढेच, की एकोणीस वर्षांच्या मुलाच्या पायांनी सरावातली गोष्ट तशीच्या तशी केली. घाबरलेला क्वार्टरबॅक आधी पायांनी घाबरतो. टाचा उचलल्या जातात, पावले जवळजवळ येतात, चेंडू वर उडतो. ते न होणे हीच खासगी प्रशिक्षकाची मिळकत. तिचा रकाना कोणत्याही गुणपत्रिकेत नसतो.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर : शून्य यार्ड, आणि तरीही तो डाव त्याचा.

मध्यमपदलोपी

एक तांत्रिक दुरुस्ती. क्लेमसनचा लॉरेन्स बहुतेक वेळ शॉटगन पद्धतीने, म्हणजे आधीच काही यार्ड मागे उभा राहून चेंडू स्वीकारत असे. तेथे मागे सरकण्याची पाच पावले लागत नाहीत, फार तर तीन. तुमची लांब-लांब-लांब-आखूड-आखूड सेंटरच्या, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूच्या, मागे चिकटून उभे राहणाऱ्यांसाठी.

कण्हेर

दुरुस्ती बिनशर्त मान्य. आमचे प्रशिक्षक जुन्या वळणाचे होते आणि शॉटगनला ते "उधारीची पावले" म्हणत.

उंबरठा

मी कोलंबसमध्ये राहते आणि आमचे घर ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघाचे चाहते आहे, त्यामुळे या कथेची दुसरी बाजू मलाच सांगावी लागणार. रॉन व्हील यांचा लॉरेन्स हा एकटा विद्यार्थी नव्हे. केनेसॉचा जस्टिन फील्ड्सही त्यांच्याकडेच शिकलेला. केनेसॉ आणि कार्टर्सविल ही गावे एकाच महामार्गावर, वीसेक मैलांच्या अंतरात. २०१८ साली हायस्कूलमधून बाहेर पडणाऱ्या क्वार्टरबॅकांत देशभरात ही दोन मुले पहिल्या दोन क्रमांकांवर होती, आणि दोघांचा खासगी प्रशिक्षक एकच.

फील्ड्स आधी जॉर्जिया विद्यापीठात गेला, वर्षभराने आमच्याकडे आला, आणि २८ डिसेंबर २०१९ रोजी ॲरिझोनात, म्हणजे व्हील ज्या राज्यात स्वतः खेळले तेथेच, उपांत्य सामन्यात हे दोघे समोरासमोर उभे राहिले. क्लेमसन २९-२३ ने जिंकले. शेवटची ३७ सेकंद उरली असताना फील्ड्सने गोलक्षेत्रात चेंडू फेकला. त्याच्या सहकाऱ्याने धावण्याची दिशा मध्येच सोडली होती आणि चेंडू क्लेमसनच्या हाती गेला. आमच्या घरी त्या रात्री कोणी जेवले नाही. त्याच सामन्यात लॉरेन्स ६७ यार्ड धावत जाऊन टचडाऊन करून आला होता, आणि कण्हेर, ते कोणत्याही फेकीच्या प्रशिक्षकाने शिकवलेले नव्हते!

मग १ जानेवारी २०२१ रोजी न्यू ऑर्लिन्सला पुन्हा तीच गाठ. या वेळी बरगड्यांवर जबर धडक बसूनही फील्ड्स उभा राहिला, त्याने सहा टचडाऊन पास आणि ३८५ यार्ड केले आणि आम्ही ४९-२८ ने जिंकलो. लॉरेन्सचा महाविद्यालयातला तो शेवटचा सामना. क्वार्टरबॅक म्हणून सुरुवात केलेल्या सामन्यांत तो तेथे फक्त दोनदा हरला. एकदा त्याच्या दुसऱ्या मोसमाच्या अंतिम सामन्यात एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) आणि एकदा आपल्याच गुरुबंधूकडून.

म्हणून मला वाटते की २०१९ च्या जानेवारीतला व्हील यांचा आनंद हा सोपा आनंद होता. एका बाजूला आपला मुलगा, दुसऱ्या बाजूला अनोळखी. खरी परीक्षा नंतरच्या दोन सामन्यांत. महाविद्यालयाचा प्रशिक्षक सरळ आपल्या रंगाचा सदरा घालतो. दोघांनाही शिकवलेल्या माणसाने कोणता घालावा? प्रत्येक चांगल्या फेकीला त्याचा एक विद्यार्थी जिंकतो आणि दुसऱ्याच्या पदरी तीच फेक पडते.

खडूची धूळ

हे माझ्या बाबतीत एकदा घडले आहे, अर्थात तालुका पातळीवर. माझ्या हाताखालून गेलेल्या दोन मुली खो-खोच्या अंतिम सामन्यात दोन वेगळ्या महाविद्यालयांकडून खेळल्या. मी दोन्ही तंबूंपासून सारख्या अंतरावर, पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिलो. एकीने सूर मारून गडी बाद केला, तो सूर मीच शिकवलेला, आणि बाद झालेली दुसरी. मी टाळी वाजवली की नाही, हे आजही आठवत नाही. एवढे मात्र आठवते की सूर मारताना तिने हनुवटी वर ठेवली होती, जे मी तिला वर्षभर सांगत होतो, आणि दुसरीच्या पराभवाआधी माझ्या मनात आला तो हनुवटीचा विचार.

कण्हेर यांचा "शून्य यार्ड" मला आधी शब्दांचा खेळ वाटला होता. तो आक्षेप मागे घेतो. फलकावरचा आक्षेप कायम आहे.

बे एरियाकर

माझाही आक्षेप अर्धा कायम. पैसे घेऊन शिकवणाऱ्याकडे हुशार मुले आपण होऊन येतात, आणि सहा फूट सहा इंच उंचीचा लॉरेन्स कोणाकडेही गेला असता तरी पुढे आलाच असता, असे म्हणायला जागा आहे. मात्र एकाच रस्त्यावरची दोन मुले, दोघांच्या शरीराची ठेवण निराळी, आणि २०२१ साली व्यावसायिक संघांनी केलेल्या खेळाडूंच्या निवडीत एक पहिल्या क्रमांकावर, दुसरा अकराव्या, याला नुसते नशीब म्हणणे मलाही जड जाते.

आळशी वाचक

मी काल रात्री आयुष्यात प्रथमच हा खेळ पाहिला. कण्हेर यांनी सांगितलेला तो ६२ यार्डांचा पास शोधून काढला, आणि पाय पाहायचे असे ठरवून चार वेळा लावला. अडचण अशी की चेंडू हातातून सुटताच कॅमेरा त्याच्यामागे धावतो आणि फेकणारा चित्राबाहेर राहतो. पाय मला नीट दिसलेच नाहीत. यावर काही उपाय आहे काय?

कण्हेर

आहे. प्रशिक्षक मंडळी मैदानाच्या टोकाकडून, उंचावरून घेतलेले चित्रण वापरतात. त्यात क्वार्टरबॅक शेवटपर्यंत चौकटीत राहतो. या सामन्याचे तसे तुकडे शोधल्यास सापडतील. आवाज बंद ठेवा, पहिल्या वेळी चेंडूकडे पाहूच नका, आणि दुसऱ्या वेळी फक्त मागच्या पायाची टाच पाहा. काय दिसले ते येथे लिहा, तोवर मी मुलालाही बोलावून ठेवतो.